गाडी ठोकली, चूक कुणाची, आणि इन्शुरन्सवाला काय म्हणतो: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गाड्यांच्या इन्शुरन्सचं काम करतो, त्यामुळे सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज सगळीकडून व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. ऊसतोड सुरू झाली की जरा जास्तच येतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून हात दुखले म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहिलंय. उत्तरं कार डोळ्यासमोर ठेवून दिलीत, पण टू-व्हीलरलाही बरंचसं लागू पडतं.

१. चूक शंभर टक्के समोरच्याची आहे, मग मी माझ्या इन्शुरन्समधून क्लेम का करायचा? त्याच्या कंपनीने द्यायला नको का?

द्यायला पाहिजे, कायद्याने मागताही येतं, पण रस्ता लांबचा आहे. तुमच्या पॅकेज पॉलिसीत दोन भाग असतात. एक ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, आणि दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. ओडी क्लेमला चूक कुणाची हा प्रश्नच नसतो. तुम्ही स्वतः जाऊन दुभाजकाला धडकलात तरी पैसे मिळतात. म्हणून गॅरेजवाला, एजंट सगळे सांगतात की आपल्याच पॉलिसीतून करून टाका. त्यात कंपन्यांचं आपापसात 'नॉक फॉर नॉक' ठरलेलं असतं, म्हणजे ज्याने त्याने आपल्या गिऱ्हाईकाची गाडी दुरुस्त करायची आणि एकमेकांकडे मागायचं नाही.

तोटा एवढाच की चूक नसताना तुमचा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो. समजा ओडीचा प्रीमियम १२ हजार आहे आणि ५० टक्के एनसीबी आहे, तर दरवर्षी ६ हजार वाचत होते. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी एनसीबी शून्य, मग परत २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० ला जायचं. त्यामुळे बंपरचं काम आठ-नऊ हजारात होत असेल तर क्लेम करू नका, खिशातून करा. एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर ओडी नाहीच, मग थेट प्रश्न १० वर जा.

२. मग चूक कुणाची हे ठरवतं कोण? सर्व्हेयर की पोलीस?

दोघंही नाही. सर्व्हेयर नुकसान किती आणि ते पॉलिसीत बसतं का हे बघतो. पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास करतात, पण त्यांचं मत म्हणजे निकाल नव्हे. पैशाच्या बाबतीत चूक कुणाची आणि किती टक्के हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. ते जिल्हा न्यायालयातच बसतं, आपल्याकडे साताऱ्यालाही आहे आणि सांगलीलाही. तिथे फौजदारी खटल्यासारखा 'संशयापलीकडे' पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे एवढं बघतात.

'मोठ्या गाडीचीच चूक धरतात' हे चौकातलं शास्त्र आहे, कायद्यात असं काही नाही. पण चौकातला जमाव त्याच शास्त्रावर चालतो, आणि जमावासमोर घाबरून माणूस जे बोलतो ते पुढे कागदावर येतं, म्हणून प्रश्न ३ आणि ५ नीट वाचा.

३. अपघात झाला की जागेवर नक्की काय काय करायचं?

आधी जखमी माणसं. १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, हायवेवर असाल तर १०३३. ते झालं की गाड्या हलवायच्या आधी फोटो. लोक डेंटचे जवळून वीस फोटो काढतात आणि रस्त्याचा एकही नाही. डेंट गॅरेजला गेल्यावरही दिसणार आहे हो, रस्ता दिसणार नाही. दोन्ही गाड्या, मधला पट्टा आणि रस्त्याची कड एका फ्रेममध्ये येईल असा लांबून फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी. मग ब्रेकच्या खुणा, काचा आणि माती कुठे पडलीय ते (धडक जिथे झाली तिथेच बहुतेक पहिली माती पडते, मडगार्डखालची), समोरच्या गाडीची नंबरप्लेट, तिचे टेललाइट चालू होते का, रिफ्लेक्टर होता का. गाडी हलवावीच लागली, म्हणजे खंबाटकी घाटात किंवा पसरणीत ट्राफिक तुंबलं असेल तर हलवावीच लागते, तर आधी एक व्हिडिओ चालत चालत काढा.

डॅशकॅम असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर लूपमध्ये त्याच्यावरच नवीन रेकॉर्डिंग बसतं. जवळ पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका असेल तर तिथल्या सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोलिसांनाही लिहून द्या की हे फुटेज ताब्यात घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी थोड्याच दिवसांत ते पुसलं जातं. पुढे कोर्टात व्हिडिओ द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात, तुम्ही फक्त मूळ फाइल मोबाइलमधून उडवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी ही मूळ फाइल नसते.

साक्षीदाराचं नाव-नंबर प्रेमाने मागा. मदतीला थांबलेल्या माणसावर साक्षीची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ त्यासाठीच आणलंय. हे त्यालाही सांगितलं की माणूस जरा मोकळा होतो.

४. समोरचा म्हणतोय पोलीस-बिलीस नको, दहा हजार घे आणि मिटव. मिटवू का?

किरकोळ खरचटलं असेल, कुणाला लागलं नसेल आणि क्लेम करायचाच नसेल तर मिटवा, कोण नाही म्हणतंय. पण तीन गोष्टी. एक, कुणाला लागलं असेल तर पोलिसांना कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, तिथे मिटवामिटवी नाही. दोन, बंपरच्या मागे काय मोडलंय ते जागेवर दिसत नाही, रेडिएटर सपोर्ट गेला असेल तर दहा हजार कुठल्या कुठे जातील. तीन, आणि हे कुणालाच माहीत नसतं, पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. त्यामुळे तुम्ही स्वतःच 'माझी चूक झाली, भरपाई देतो' असं वहीच्या कागदावर लिहून दिलं की उद्या कंपनी त्याच कागदावर बोट ठेवते.

माणुसकी म्हणून दवाखान्यात न्या, चहा पाजा, पण लिहून काही देऊ नका.

५. पंचनाम्यात सगळं माझ्याच विरोधात लिहिलंय. आता काय?

सगळा खेळ इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. घटनास्थळ पंचनाम्यात रस्ता कुठून कुठे जातो, किती रुंद, डांबरी की कच्चा, दुभाजक आहे का, चारही बाजूंना काय आहे, गाड्या कुठल्या तोंडाने उभ्या, ब्रेकच्या खुणा किती फुटांच्या, काचा कुठल्या बाजूला, असं सगळं लिहितात आणि खाली दोन पंचांच्या सह्या. बऱ्याचदा पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो, तोवर गाड्या क्रेनने बाजूला गेलेल्या असतात आणि हवालदारसाहेब जो हजर असेल त्याला विचारून लिहितात. तुम्ही दवाखान्यात, समोरच्याचे चार पाहुणे जागेवर, मग काय लिहिलं जाणार ते सांगायला नको. म्हणून स्वतः जाता येत नसेल तर भाऊ, मेहुणा, मित्र कुणाला तरी पंचनाम्याच्या वेळी उभं करा, फोटो मोबाइलमध्ये घेऊन.

चुकीचं लिहून झालंच असेल तर पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या. त्यात भांडू नका, फक्त मुद्दे लिहा: 'पंचनाम्यात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूला दाखवली आहे, सोबतच्या फोटोत ती डाव्या बाजूला दिसते, फोटोची वेळ अमुक.' आपला पुरवणी जबाब घ्या अशी मागणी करा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या, शिक्क्याशिवाय अर्ज म्हणजे रद्दी. ठाण्यात घेतलाच नाही तर एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवा. मूळ पंचनामा कुणी बदलणार नाही, ती अपेक्षा सोडा, पण तुमची हरकत त्याच आठवड्यातली असली तर तिला वजन येतं. वर्षभराने कोर्टात पहिल्यांदा सांगितलं तर वकील म्हणणारच की आत्ता सुचलं होय.

नुसता पंचनामा किंवा नकाशा म्हणजे चूक कुणाची याचा पक्का पुरावा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एका निकालात सांगितलेलं आहे.

६. एफआयआर माझ्यावरच झालीय. माझा क्लेम गेला का?

ओडी क्लेम नाही गेला. निष्काळजीपणे गाडी चालवली (आता बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम २८१, कुणाला लागलं असेल तर १२५ पण) हा आरोप आहे, आणि ओडी पॉलिसी तर माणसाच्या चुकांसाठीच घेतलेली असते. कंपनी एवढ्यावर नाकारत असेल तर लेखी मागा आणि प्रश्न ८ बघा.

खरा धोका पुढे आहे. सहा-आठ महिन्यांनी कोर्टाची तारीख लागते आणि कुणीतरी सल्ला देतं, गुन्हा कबूल कर, हजार रुपये दंड भर, मोकळा हो. माणूस कंटाळलेला असतो, करून टाकतो. मग समोरच्याचा भरपाईचा दावा आला की तीच कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतात, आणि चूक नव्हती म्हणायला तोंड राहत नाही. वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नका.

दाव्याचं समन्स आलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, पोच ठेवा. कंपनी बघून घेईल म्हणून घरात ठेवून दिलं असं करू नका, तुम्हीही त्यात पार्टी असता.

७. क्लेम फॉर्म गॅरेजवाल्याने भरला, मी फक्त सही केली. चालतं ना?

चालतं, अडकेपर्यंत. फॉर्मवर अपघाताचं वर्णन लिहायला दोन ओळी असतात आणि गॅरेजवाल्यांचं एक ठरलेलं कुत्रं आहे. 'अचानक कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला, गाडी दुभाजकाला धडकली.' सातारा जिल्ह्यातली निम्मी कुत्री फक्त क्लेम फॉर्मवर जगत असावीत. समोरच्या गाडीचं लफडं नको, पोलीस नको म्हणून ते असं लिहितात, हेतू वाईट नसतो. पण तुमच्या दरवाजावर दुसऱ्या गाडीचा पांढरा रंग घासलेला आहे आणि फॉर्मवर कुत्रं, हे सर्व्हेयरला दोन मिनिटांत दिसतं. मग 'नुकसान वर्णनाशी जुळत नाही' असा शेरा पडतो, आणि खरा अपघात खोटा ठरतो.

खरं तेच लिहा, चार वाक्यांत: तारीख-वेळ, कुठून कुठे जात होतो, समोरची गाडी कुठून आली, धडक कुठे बसली. अंदाजाच्या गोष्टी लिहू नका. वेग माहीत नसेल तर आकडा टाकू नका. सही करायच्या आधी फोटो काढून ठेवा, कारण कंपनीचा तपासनीस नंतर घरी येऊन परत तेच विचारतो आणि दोन्ही ताडून बघतो.

८. कंपनीने क्लेम नाकारला / अर्धाच दिला. आधी काय करायचं?

फोनवरचं बोलणं सोडा, नकाराचं कारण पॉलिसीच्या कलमासकट लेखी मागा. सोबत सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. या तारखा एका कागदावर मांडा, निम्म्या केसमध्ये उशीर कंपनीचाच निघतो.

कमी पैसे मिळाले म्हणजे अन्याय झालाच असं नाही, हेही सांगतो. झिरो डेप (पार्ट जुने झाल्याची घट न कापणारं ॲड-ऑन) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचा ५० टक्के कापतात, फायबरचा ३०, काचेचा काही नाही, पत्र्याचा गाडीच्या वयाप्रमाणे. वर सक्तीचा वजावटीचा हिस्सा, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि वरच्या गाडीला २,०००. हे वजा करून उरलेला फरक बघा, मग भांडा.

सर्व्हेयरचा रिपोर्ट महत्त्वाचा असतो पण शेवटचा शब्द नसतो, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच हे म्हटलंय. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेयरचं किंवा गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचं लेखी मत जोडा. 'माझ्यावर अन्याय झाला' हे वाक्य दहा वेळा लिहून काही होत नाही.

९. तक्रार कुठे करायची? पुण्याला जावं लागतं का?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका, किंवा १५५२५५ ला फोन करा. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. सातारा आणि सांगली दोन्ही पुण्याच्या लोकपालांकडे येतात. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. उलटं चालत नाही, ग्राहक आयोगात केस चालू असताना लोकपाल तुमची तक्रार घेत नाहीत.

ग्राहक आयोग सातारा, सांगली दोन्हीकडे आहे, मुदत दोन वर्षं. माझं मत विचाराल तर साध्या केसला आधी लोकपालच बरे. जिथे साक्षीपुरावा घ्यावा लागणार, खोटी सही वगैरे भानगड आहे, तिथे थेट आयोग.

१०. माझी पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे, समोरच्याची चूक, आणि त्याची कंपनी मला दारात उभी करत नाही. लोकपालांकडे जाऊ?

नाही जाता येणार. त्या कंपनीचे तुम्ही गिऱ्हाईक नाही, त्यामुळे लोकपालही नाही आणि ग्राहक आयोगही नाही. तुमचा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा (प्रश्न २), मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा. गाडीचं नुकसान असो की शरीराचं, दोन्ही तिथेच. खाजगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते, पण काहींनी प्रीमियम वाचवायला ती ६,००० वर आणलेली असते. मग उरलेलं गाडीमालकाकडूनच वसूल करावं लागतं, म्हणून त्याची पॉलिसी आधी बघून घ्या.

मुदत सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत परत आलीय, त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती म्हणून जुनी जाणकार मंडळी अजून 'कधीही टाक' सांगतात. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

दावा अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे टाकता येतो. म्हणजे मिरजेच्या माणसाला बेळगावला धडक बसली तरी दावा सांगलीत चालतो. कुणाला लागलं असेल तर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची कॉपी तुम्हालाही मिळते, मागा.

११. मी मागून धडकलो. मागच्याचीच चूक धरतात ना?

बहुतेक वेळा हो, कारण पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवणं मागच्याचं काम. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर चालणाऱ्या कारच्या बाबतीत हेच धरलं. पण आपल्या भागात नेहमी विचारतात ती केस वेगळी असते, रात्री उभी असलेली ऊसाची ट्रॉली, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, मागे दगड लावून ट्रॅक्टर डिझेल आणायला गेलेला. हायवेच्या मधोमध कसलाही इशारा न देता ट्रक सोडून दिला होता अशा केसमध्ये २०२४ साली सुप्रीम कोर्टाने कारवाल्याची निम्मी चूक धरायला नकार दिला आणि ट्रकवाल्यालाच जबाबदार धरलं. म्हणून अशा वेळी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो, अंधारातलाच, फ्लॅशशिवाय एक आणि फ्लॅशने एक, लगेच घ्या. सकाळपर्यंत तिथे रिफ्लेक्टर उगवलेला असतो.

१२. दोघांचीही थोडी थोडी चूक असेल तर?

टक्के ठरतात. तुमची ३० टक्के चूक धरली तर १० लाखांच्या भरपाईचे ७ लाख. पण तुम्ही नुसते गाडीत बसलेले होतात आणि दोन ड्रायव्हरांच्या चुकीने लागलं, तर तुमचं काही कापत नाहीत, दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम घेता येते.

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते, म्हणून आपोआप चूक धरता येत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. कंपनीचा माणूस घरी येऊन हे सांगत असेल तर घाबरून कमी रकमेवर सही करू नका.

१३. लायसन्स संपलेलं होतं / मित्र चालवत होता / थोडी घेतली होती.

मित्र चालवत होता, त्याचं लायसन्स चालू होतं, काही अडचण नाही, फॉर्मवर मित्राचंच नाव लिहा. लायसन्स संपलेलं असेल तर ओडी बहुतेक जातो. पूर्वीची ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. समोरच्या जखमीला मात्र कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग कंपनी तुमच्याकडून वसूल करते. पिकअप-टेम्पोवाल्यांसाठी: एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने यावर शिक्का मारला.

दारूच्या बाबतीत क्लेम वाचवायच्या युक्त्या विचारू नका. टेस्ट झाली नाही म्हणून सुटलो असंही नसतं, परिस्थितीवरून सिद्ध करायची मुभा कंपनीला आहे.

पीयूसी नव्हती एवढ्या कारणावर मात्र क्लेम नाकारता येत नाही.

१४. धडक देऊन पळून गेला, नंबर मिळाला नाही.

गाडीचं नुकसान आपल्या ओडीतून. माणसाला लागलं असेल तर हिट अँड रन योजना: मृत्यू २ लाख, गंभीर इजा ५० हजार. ही भरपाई म्हणायला फार छोटी आहे, म्हणून आधी टोलनाक्याचं फुटेज वगैरे मागे लागून नंबर शोधा (प्रश्न ३).

१५. एसटीने ठोकलं. एसटीची इन्शुरन्स कंपनी कुठली?

तिथे कंपनी शोधत बसू नका, दाव्यात महामंडळालाच पार्टी करतात. आगारात जाऊन कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही, अपघाताची नोंद आणि गाडी नंबर घ्या. बाकी सगळं प्रश्न १० प्रमाणे.

१६. कंपनी म्हणते लोकअदालतीत मिटवू. आणि 'फुल अँड फायनल' वर सही मागतायत.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, तिथे एकदा हो म्हटलं की झालं, त्यामुळे जायच्या आधी वकिलाबरोबर बसून आपला कमीत कमी आकडा ठरवून जा आणि त्याच्या खाली आला तर उठून या. पुढची तारीख मिळते, काही आभाळ कोसळत नाही. ओडी क्लेमच्या पावतीचं तसं नाही, गॅरेजमधून गाडी सोडवायची घाई असते आणि सही तर करावीच लागते, मग सहीच्या वर 'रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहे' असं स्वतःच्या अक्षरात लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी त्याच मजकुराचा ईमेल कंपनीला टाका. ऑनलाइन ओटीपीने सही घेत असतील आणि लिहायला जागाच नसेल तर ओटीपी देण्याच्या आधी तो ईमेल गेलेला असू द्या.